घराचा रंग : गडद हिरवा, आत आणि बाहेर

प्रश्न : हॉलच्या एका भिंतीला बॉटल ग्रीन दिला. दोन हात झाले तरी भिंत ढगाळ दिसते, रोलरचे पट्टे उठलेत. रंगच खराब निघाला का? – वाचक, नाशिक

उत्तर : रंग बहुधा चांगलाच आहे. फिकट रंगात टिटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी भरपूर असते आणि खालचं झाकायचं काम तीच करते. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे शेड ज्यात मिसळतात त्या मूळ रंगात, ती जवळपास नसते. त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत भिंत भरत नाही. प्रायमर राखाडी करून घ्यायला हवा होता. आता २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि तिसरा हात द्या. दहा बाय बाराच्या भिंतीला दोन हातांना साधारण एक लिटर लागतो, तिसऱ्याला आणखी अर्धा. नवा डबा जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच डब्यातून रंगवा.

पट्ट्यांचं कारण वेगळं. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. रंग पुरवण्यासाठी ते वाढवलं की पट्टे आलेच. पंखा बंद ठेवा, कडा ब्रशने मारल्या की लगेच रोलर फिरवा आणि ओली कड सुकायच्या आत पुढचा पट्टा तिच्यावर चढवा. अर्ध्या भिंतीवर काम थांबवू नका.

प्रश्न : चिऱ्याच्या घराला गिलावा केलाय. बाहेरून सगळं गडद हिरवं केलं तर? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : सगळं नको, पश्चिमेची भिंत तर नकोच. गडद भिंत दुपारी खूप तापते, सरीबरोबर झटकन गार होते. या ताणाने गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी आत मुरतं आणि लोणा म्हणजे भिंतीतला क्षार बाहेर येऊन त्याचे पांढरे ओघळ उमटतात. पांढऱ्या भिंतीवर ते खपून जातात, हिरव्यावर लांबून दिसतात. शिवाय स्वस्त शेडमधला पिवळा घटक उन्हात आधी उडतो आणि भिंत निळसर पडते. दुकानदाराला आयर्न ऑक्साइडचा पिवळा वापरायला सांगा. दारं, खिडक्या, गज यांना गडद हिरवा फार शोभतो. भिंतीला फिकट रंग द्या, तोही गिलावा निदान २८ दिवस सुकल्यावर.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या दारावरचा हिरवा ऑइलपेंट मशीनने घासून काढू का? – वाचक, वाई

उत्तर : अजिबात नको. जुना हिरवा अनेकदा क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू मिसळून करत, आणि क्रोम यलो म्हणजे शिशाचं संयुग, त्याची धूळ विषारी. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांवर भरवसा ठेवू नका. कोरडं घासणं, ब्लो-लॅम्पने जाळणं, दोन्ही टाळा. मुलं आणि गरोदर बाई घरात नसताना, खाली प्लास्टिक अंथरून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून, पाणी मारत वॉटर पेपरने फक्त सुटलेले पोपडे काढा. घट्ट थर तसाच राहू द्या, त्याची चमक तेवढी मोडा. दार पूर्ण वाळलं की वूड प्रायमर आणि इनॅमलचे दोन हात, मध्ये एक रात्र सोडून.