परदेशात मिशनरी सेवेला निघालेल्या नवीन जोडप्यासाठी

भाषा येईल हो हळूहळू, तिचं टेन्शन घेऊ नका, आधी घर लावून घ्या. सुरुवातीला बहुतेक वेळा असं होतं की एकाला काम मिळतं, माणसं मिळतात आणि दुसरा किराणा, मुलं, व्हिसाचे कागद यातच अडकून पडतो, मग सगळी चिडचिड एकमेकांवरच निघते. म्हणून भाषेचा क्लास दोघांनीही लावा, मुलं आळीपाळीने सांभाळा, यात तडजोड नकोच. इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी १७९३ ला बंगालमध्ये आले, बायको डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती, पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि तिचं मन जे बिघडलं ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत. केरींची बायबलची भाषांतरं सगळे सांगतात, तिचं कोण सांगतं? असो. आईबाबांना व्हिडिओ कॉल करायचा वार ठरवा, पण रोज नको, नाहीतर जीव तिकडेच अडकतो. मदत करणाऱ्या मंडळींना पत्र पाठवताना मुलांचे फोटो टाकायच्या आधी मुलांना विचारा, मोठी झाली की त्यांना ते खटकतं. आणि मायदेशी सुट्टीवर आलात की दर रविवारी नव्या चर्चमध्ये बोलायचं कबूल करू नका, मुलांना जरा एका जागी राहू द्या.