चर्चच्या संडे स्कूल आणि तरुण गटासाठी आलेल्या नवीन स्वयंसेवकांना एका दिवसात कसं ट्रेन करू?

तुम्ही लिहिलंय की मंडळीतले नऊ जण मुलांचा आणि तरुणांचा गट सांभाळायला तयार झालेत, पाळकांनी ट्रेनिंग तुमच्या गळ्यात टाकलंय आणि हातात एकच शनिवार आहे, तर त्यात काय काय बसवू. खरं सांगू का, एका शनिवारात लीडर तयार होत नाही. मी अकरा वर्षं संडे स्कूल घेतेय, मधली चार वर्षं तरुण संघपण बघितला, आणि सुरुवातीला मीही असाच दणक्यात सेमिनार ठेवला होता, फाइल, पेन, प्रोजेक्टर, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. सहा महिन्यांनी चौदातले पाच उरले. गेलेल्यांपैकी एकीला विचारलं तर म्हणाली, "ताई, शिकवलंत तुम्ही भरपूर, पण पहिल्याच रविवारी मला वर्गात एकटीला सोडून निघून गेलात."

म्हणून माझं मत असं, शनिवार ठेवा पण अर्धाच, आणि तो पूर्ण मुलांच्या सुरक्षिततेवर घालवा. बाकीचं वर्गात शेजारी बसून शिकवा.

सुरक्षिततेचं आधी, कारण "आपल्या मंडळीत असं काही होत नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. वर्गात कायम दोन मोठी माणसं, शक्यतो एकाच घरातली नकोत. सोळा-सतरा वर्षांचा मदतनीस कितीही समजूतदार असला तरी तो अजून मूलच आहे, त्याला दुसरा मोठा माणूस म्हणून धरू नका. दार उघडं. रात्री एकट्या मुलाशी किंवा मुलीशी चॅटिंग नाही, निरोप ग्रुपवर, जिथे पालक पण आहेत. नवीन माणूस ओळखीचा असला तरी आधी कुठे काम केलंय तिथे फोन करून विचारा, वाईटपणा आला तर येऊ दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल काही सांगायला आलं आणि म्हणालं "कोणाला सांगणार नाही ना?", तर हो म्हणायचं नाही. सगळ्यांच्या तोंडून निघणारी पहिली प्रतिक्रिया "नाही सांगणार बाळा" हीच असते, म्हणून हे प्रत्येकाला मोठ्याने बोलायला लावा: "तुला मदत होईल अशा माणसाला मला सांगावं लागेल, पण तू सांगितलंस ते बरं केलंस." मग खोदून खोदून विचारायचं नाही, मूल ज्या शब्दांत बोललं ते शब्द तसेच लिहून ठेवायचे, आणि मंडळीने यासाठी नेमलेल्या माणसाला त्याच दिवशी कळवायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन जाब विचारायचा नाही, मग तो कोणीही असो. बऱ्याच देशांत अधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, तुमच्याकडचा नियम काय ते आधीच माहीत करून घ्या.

आता वर्गातलं. पहिले दोन रविवार नवीन माणूस मागे बसून फक्त बघतो. तिसऱ्या रविवारी एक छोटी गोष्ट त्याची, कोरस (छोटं गाणं) किंवा बायबलमधलं पाठांतराचं वचन. मग गोष्ट तो सांगतो आणि मी मागे बसते, मग हळूहळू मी उठते. घाई केली की गडबड होते, माझा अनुभव आहे. आणि दर वेळी मुलं गेल्यावर दहा मिनिटं तिथेच बाकावर बसायचं, दोनच प्रश्न, काय जमलं आणि कुठे हात थरथरले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात बघा ना, येशू शिष्यांना दोघा दोघांना पाठवतो, ते परत येऊन काय केलं काय शिकवलं ते सगळं सांगतात, आणि तो म्हणतो चला, जरा विसावा घ्या. पाठवणं, ऐकून घेणं, विसावा. (गर्दी तिथेही त्यांच्या आधीच पोचली, ते वेगळं, मुलांबरोबर काम करणाऱ्यांना ते नवीन नाही.)

एक प्रसंग सांगते. एक नवीन दादा नोहाची गोष्ट सांगत होता, महापूर, तारू, प्राण्यांच्या जोड्या, पोरं खूश. सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "बाकीच्या बाळांचं काय झालं?" दादा गडबडला आणि म्हणाला, "ती सगळी वाईट होती." तिचा चेहरा पडला, घरी तिचा तान्हा भाऊ होता. बाकावर बसल्यावर तो स्वतःच म्हणाला, मी खोटं बोललो, मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी त्याने वर्गात ते कबूल केलं, "मी त्या दिवशी चुकीचं उत्तर दिलं, मलापण या प्रश्नाने वाईट वाटतं." ती मुलगी त्यानंतर दर आठवड्याला त्याच्यासाठी प्रश्न घेऊन यायची. हे कुठल्या स्लाइडवर शिकवणार सांगा?

लहान मुलं शब्दाला शब्द धरतात हेही नवीन लोकांना सांगावं लागतं. "येशूला हृदयात घे" म्हटलं की पाच वर्षांचं पोर विचारतं, तो आत मावणार कसा. तेव्हा उपमा कमी, गोष्ट जास्त. आणि सगळ्यांसमोर हात वर करायला लावून निर्णय मागू नका, मुलं तुम्हाला खूश करायला हात वर करतात.

तरुणांच्या गटाचं उलटं. तिथे ज्याला जास्त बोलता येतं तो चांगला लीडर असं वाटतं पण तसं नसतं. लूकच्या शुभवर्तमानात, अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूने दोन शिष्यांना आधी विचारलं, तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलताय. शास्त्र नंतर उलगडलं. नवीन लीडरला मी एकच सराव देते, प्रश्न विचार आणि मनात दहापर्यंत मोज. सहावर येईपर्यंत बहुतेकांना घाम फुटतो आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

अजून एक, मुदत ठरवा. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला संडे स्कूल सुरू केलं तेव्हा शिकवणाऱ्या बायकांना मोबदला मिळायचा, आपल्याकडे मिळतं "प्रभू आशीर्वाद देईल" आणि मरेपर्यंत ड्यूटी. एक वर्ष सांगा, वर्ष संपलं की विचारा, नाही म्हणाला तर मन खट्टू न करता सोडा. बायबलमध्ये निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला तेच सांगतो, असा एकटाच करत राहिलास तर तूही थकशील आणि लोकही, दहा दहांवर माणसं नेम. हे तुम्हालाही लागू, नऊ जणांना एकट्याने शिकवू नका, जुन्या टीचरांपैकी तीन धरा आणि प्रत्येकाकडे तीन द्या.

नऊपैकी एखादा म्हणेल मला बोलता येत नाही, मी नुसती हजेरी घेतो. घेऊ द्या. आमच्याकडे आज सगळ्यात छान गोष्ट सांगणारी जी टीचर आहे ती पहिली दोन वर्षं फक्त क्रेयॉन वाटायची.