कॅननमध्ये, म्हणजे मूळ कथेत, उल्लेख नसताना एखादं पात्र क्वीअर (गे, बायसेक्शुअल वगैरे) मानलं तर ते चूक ठरतं का?

नाही, चूक ठरत नाही. मूळ कथेत त्याला थेट छेद देणारं काही नसेल तर ते वाचन पूर्ण वैध आहे, फक्त त्याला कॅनन म्हणू नका. गल्लत होते ती पुरावा कुठला आहे हे न सांगितल्यामुळे. कथेत स्पष्ट आलेलं ते कॅनन. लेखकाने बाहेर सांगितलेलं वेगळं: 'हॅरी पॉटर'मधला डंबलडोर गे असल्याचं लेखिका रोलिंगबाईंनी ऑक्टोबर 2007 मध्ये, सातही पुस्तकं येऊन गेल्यावर सांगितलं, त्या पुस्तकांत तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, त्यामुळे ते मानायचं की नाही यावर फॅन्समध्ये आजही दोन तट आहेत. आणि नजरा, मौन, संवादांवरून आपण काढलेला अर्थ म्हणजे हेडकॅनन. तो मांडताना प्रसंग नेमका सांगा, नुसतं 'व्हाइब येते' म्हटलं की वाद हमखास.

'त्याचं तर बायकोवर प्रेम आहे' हा आक्षेप नेहमी येतो. 'तो गे आहे' या वाचनाला तो थोडाफार लागू पडतो, बायसेक्शुअल वाचनाला अजिबात नाही. बरं, कुणी पात्र स्ट्रेट आहे असंही बहुतेक कथांत कुठे लिहिलेलं असतं? तेही गृहीतच.

कथेच्या माहितीच्या विकी पानावर मात्र हेडकॅनन घालू नका, तिथे ते खोडलं जातं. फॅनफिक (चाहत्यांनी त्या पात्रांवर लिहिलेली कथा) असेल तर टॅगमध्ये लिहा. आणि ही मोकळीक पात्रांपुरतीच, ती भूमिका करणाऱ्या खऱ्या माणसाच्या लैंगिकतेबद्दल तर्क लढवायला नाही.