घरी बनवलेला आरएफ (रेडिओ लहरींची) पॉवर मीटर ५ वॉटच्या रेडिओ सेटला ७ वॉट दाखवतो. कॅलिब्रेट कसा करायचा?

तुमची जोडणी अशी: १४५ मेगाहर्ट्झचा ५ वॉटचा हँडसेट, त्यापुढे ४० डीबीचा (डीबी म्हणजे पॉवरचं गुणोत्तर लॉगमध्ये सांगणारं एकक) अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग, मग एडी८३०७ ही लॉग डिटेक्टर चिप, जी पॉवरच्या डीबीनुसार व्होल्टेज देते, आणि ते व्होल्टेज वाचणारा, यूएसबीवर चालणारा आर्डुइनो. आकडा ७ वॉटच्या थोडा वर येतो, म्हणून प्रोग्राममध्ये दीड डीबी वजा करू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया तसं करू नका. सेटवर छापलेले ५ वॉट हे प्रमाण नाही. बॅटरी उतरली की तेही उतरतात.

आधी आर्डुइनोचा ५ व्होल्ट पुरवठा मल्टीमीटरने मोजा. एडी८३०७ दर डीबीला साधारण २५ मिलिव्होल्ट देतो. ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम, म्हणजे १ मिलिवॉटच्या ३७ डीबी वर. ४० डीबी वजा जाता चिपला मिळतात उणे ३ डीबीएम आणि आउटपुट येतं जवळपास २.०२ व्होल्ट. आता यूएसबीचे ५ व्होल्ट खरे ४.९ असतील आणि प्रोग्राम ५ धरून हिशोब करत असेल, तर २.०२ चे २.०६ होतात. चाळीसेक मिलिव्होल्टचा फरक, पण लॉग डिटेक्टरमध्ये तो दीड डीबीहून जास्त भरतो आणि ५ वॉटचे ७.३ वॉट दिसतात. तुमचा आकडा याच्या इतका जवळ आहे की माझा पहिला संशय इथेच जातो. म्हणून आर्डुइनोला तुलनेसाठी वेगळा २.५ व्होल्टचा स्थिर रेफरन्स लावा. वर एक फायदाही होतो: आर्डुइनोतल्या दहा बिटांच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा बनवणाऱ्या भागाची) एक पायरी ०.२ डीबीवरून ०.१ डीबीवर येते.

मग स्लोप, म्हणजे दर डीबीला मिळणारे मिलिव्होल्ट, तपासा. सगळं आहे तसं ठेवून मध्ये आणखी २० डीबीचा चांगला अॅटेन्युएटर घाला आणि आउटपुट किती खाली येतं ते बघा. ५०० ऐवजी ४८० मिलिव्होल्ट आलं, तर तुमच्या चिपचा स्लोप २४ आहे. डेटाशीटमधला आकडा सरासरीचा असतो, तुमच्या हातातल्या चिपचा नव्हे.

आता राहिला खरा प्रश्न: मुळात किती वॉट आहेत हे ठरवायचं कशावरून? महागडा मीटर हाताशी नसेल तर उष्णतेकडे जा. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. राष्ट्रीय प्रयोगशाळा मायक्रोकॅलरीमीटरमध्ये हेच तत्त्व वापरतात आणि थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा घटक) सेन्सरही त्यावरच चालतो: आरएफने जेवढी उष्णता दिली तेवढीच डीसीने द्यायची आणि डीसी मोजायचा, कारण डीसी अचूक मोजता येतो.

५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध) घ्या, ज्यात मालिकेत कपॅसिटर नाही असा. त्याला थर्मिस्टर घट्ट चिकटवा आणि वारा लागू नये म्हणून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. सेट कमी पॉवरवर, समजा १ वॉटवर, सलग चालू ठेवा. पूर्ण पॉवरवर सेटच तापतो आणि आउटपुट घसरतं. थर्मिस्टरचा आकडा स्थिरावला की लिहून घ्या. मग सेट काढून त्याच लोडला डीसी पुरवठा जोडा, खोक्याला हात न लावता. तोच आकडा येईपर्यंत व्होल्टेज हळूहळू वाढवा, आणि व्होल्टेज व करंट दोन्ही मोजून गुणाकार करा. १ वॉटला साधारण ७.०७ व्होल्ट लागतील. लोडचा एसडब्ल्यूआर (जोडणी किती जुळते याचं माप, १ म्हणजे अचूक) १.२ असला तरी परत फिरणारी पॉवर १ टक्क्याहून कमी, म्हणून त्याची चिंता नको. घाई मात्र करू नका. मी पहिल्यांदा पाच मिनिटांतच आकडा घेतला होता. लोड अजून तापतच होता आणि सगळं मोजमाप फुकट गेलं.

आता बॅटरी पुन्हा भरून तोच सेट, त्याच पॉवरवर, अॅटेन्युएटरसकट तुमच्या मीटरला जोडा आणि मीटर तेवढेच वॉट दाखवेल असा इंटरसेप्ट (हिशोबाचा आरंभबिंदू, म्हणजे आउटपुट शून्य धरलं जातं ती पॉवर) प्रोग्राममध्ये बसवा. अॅटेन्युएटरवर ४० लिहिलंय, तो खरा ३९.५ असेल तर एवढ्यानेच १२ टक्के फरक पडतो. तो फरक आता कॅलिब्रेशनमध्येच आला. त्यामुळे यापुढे अॅटेन्युएटर, केबल किंवा कनेक्टर यांपैकी काहीही बदललं तर हे सगळं पुन्हा करायचं.

अॅटेन्युएटर आणि चिप यांच्यात लांब केबल ठेवू नका. दोन्ही टोकांना एसडब्ल्यूआर १.५ असेल, तर फक्त केबलची लांबी बदलून आकडा अधिक-उणे ०.३५ डीबी, म्हणजे ८ टक्के, इकडे तिकडे होतो. अॅटेन्युएटर थेट चिपच्या बोर्डाला लावा.

आणि ही सगळी मापं एफएमसाठी, जिथे सिग्नलची उंची बदलत नाही. एसएसबीवर (ज्या पद्धतीत आवाजाबरोबर सिग्नलची उंची बदलते) बोलताना लॉग डिटेक्टरची सरासरी म्हणजे सरासरी पॉवर नव्हे. तिथे हा आकडा वापरू नका.