जुन्या फोर-बाय-फोर पिकअपला मोठे टायर, लॉकर आणि मजबूत एक्सल बसवायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

तुमची २०१२ ची स्कॉर्पिओ गेटअवे आहे, फोर-बाय-फोर, टायर २४५/७५ आर १६. पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणी, वेल्ह्याकडे जाता, कधी खाली कोकणात उतरता. ३३ इंची मड टायर, पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर (एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं यंत्र), आणि पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून तिथे अखंड एक्सल, एवढं सगळं मनात आहे. पैसे मात्र एका वेळी एकाच कामाला पुरतील.

मी भोसरीत गिअर आणि डिफरन्शियलच्या (एक्सलच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या) कामात आहे. अशा गाड्यांचे एक्सल माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा तुटल्यावरच. म्हणून मी विचार उलट्या बाजूने करतो. गाडीत काय तुटलं तर तुम्हाला निभावता येईल, हे आधी ठरवा. त्यावरून टायरचं माप ठरेल, टायरवरून लॉकर ठरेल. पुढचा एक्सल बदलायचा विचार मात्र आत्ताच सोडून द्या, कारण खाली लिहितो.

इंजिनचा जोर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा गिअरचा डबा), प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन (एक्सलमधले मुख्य गिअर), हाफ शाफ्ट (तिथून चाकापर्यंतचा दांडा) असा उतरत शेवटी टायरपाशी येतो. टायर चिखलात फिरतो, घसरतो, तेव्हा आपल्याला चीड येते, पण त्याच क्षणी तो मागच्या सगळ्या सामानाला वाचवत असतो. जोर जास्त झाला की टायर सुटतो आणि शाफ्टवरचा ताण उतरतो. तुम्ही मोठा, जास्त पकड असलेला टायर लावला, वर लॉकर बसवला, की ही सुटका बंद होते. मग त्या साखळीत जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं. ते मजबूत केलं की त्याच्या पुढचं तुटतं. शेवटी ट्रान्सफर केस फुटते, आणि ती डोंगरात बदलता येत नाही. हाफ शाफ्ट बदलता येतो. म्हणून मागचा हाफ शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस एवढ्यावरच नुकसान थांबावं, अशी गाडी बांधायची.

आता टायर. २४५/७५ आर १६ चा व्यास साधारण ७७४ मिमी, म्हणजे साडेतीस इंच. २६५/७५ आर १६ घेतला तर ८०४ मिमी, साडेएकतीसच्या किंचित वर. ज्याला आपण ३३ म्हणतो तो २८५/७५ आर १६, ८३४ मिमी. एक्सलखालची उंची व्यासातल्या फरकाच्या निम्मीच वाढते: पहिल्यात १५ मिमी, दुसऱ्यात ३०. त्या ३० मिमीसाठी काय काय द्यावं लागतं ते बघा. गाडीचं गिअरिंग पावणेआठ टक्क्यांनी उंचावतं, म्हणजे लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला गाडी आधीपेक्षा जोरात सरकते, आणि उतारावर इंजिनचा ब्रेक तेवढाच कमी होतो. स्पीडोमीटर आधी अचूक होता असं धरलं, तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८६ ने जात असेल. टायर जड, त्यामुळे ब्रेकवर, हबच्या बेअरिंगवर, स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटवर भार वाढतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्ड आणि चासी दोन्हीकडे घासणार. मग लिफ्ट करावी लागते, आणि तुमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा) आहे. टॉर्शन बार आवळून पुढची बाजू वर केली की चाक खाली लोंबायची जागा संपते, सीव्ही जॉइंटचा (वळलेल्या चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि गाडी आपटत चालते. बॉडी उचलून डिफरन्शियल जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, हे तर वेगळंच.

म्हणून २६५/७५ आर १६ च्या पुढे जाऊ नका असं माझं ठाम मत आहे. तेवढ्या मापालाही आतून कुठे घासतंय का ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून बघा. जुन्याच मापात चांगला टायर घेतला तरी तुमची बरीचशी अडचण सुटेल.

मड टेरेन की ऑल टेरेन? तुम्ही पुण्यातून निघून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत डांबरावरूनच जाणार. मड टायरचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी टेकतात, ब्रेक लांब लागतो, आणि ताम्हिणीच्या वळणांवर पावसात त्याचाच धोका जास्त. उलट मुळशीच्या लाल चिकट मातीत ऑल टेरेनच्या खाचा भरल्या की तो टायर गुळगुळीत होऊन जातो. वर्षातले आठ महिने गाडी शहरात चालत असेल तर ऑल टेरेनच घ्या, पण साइडवॉल जाड असलेला, एलटी (लाइट ट्रक) प्रकारातला. आपल्याकडचा काळा कातळ फुटला की धारदार फुटतो आणि टायर कापला जातो तो बाजूनेच. घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आणि पाच घ्या. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असली आणि ती लावून फोर-व्हील टाकलं, तर ट्रान्सफर केस अडकते.

टायरच्या खर्चातच हवेचा एक चांगला गेज आणि छोटा कंप्रेसर धरा. डांबरावर ३४-३५ ची हवा असेल तर कच्च्यात शिरताना २० वर आणा. टायर लांबट टेकतो, दगडावर दाबला जातो, पकड एकदम वाढते. लॉकरची गरज वाटणाऱ्या अर्ध्या जागा नुसत्या एवढ्याने पार होतात. १५ च्या खाली जाऊ नका, रिमवरून टायर निसटतो. आणि परत डांबरावर आलात की हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका.

आता लॉकर. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत असेल तर त्याला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही मिळत नाही. लॉकर दोन्ही शाफ्ट एकत्र बांधतो, मग जमिनीवरचं चाक जेवढं ओढू शकेल तेवढा सगळा जोर त्याला जातो. साध्या डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टला एक्सलचा निम्माच जोर सोसावा लागायचा, आता अख्खा सोसावा लागू शकतो. तुटलेले शाफ्ट येतात ते याच हिशेबाने.

लॉकरचे प्रकार बरेच आहेत. दाते असलेला स्वयंचलित लॉकर स्वस्त पडतो, साध्या केसमध्येच बसतो, पण तो कायम बांधलेलाच असतो आणि फक्त वळताना सुटतो. ओल्या घाटात वळणावर पाय दिला की मागची बाजू बाहेर जाते. ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर वेगळा: दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला साधारण १०० चा फरक पडला की तो स्वतः लॉक होतो, आणि ताशी साधारण ३२ किमीच्या वर वेग असेल तर लॉक होतच नाही. २०१५ च्या थारमध्ये मागे हाच आला. तो चांगला आहे, पण त्यासाठी एक चाक आधी जोरात फिरावं लागतं, आणि दगडांत ते नको असतं. तिसरा प्रकार बटणावरचा, हवेचा किंवा विजेचा. बंद असताना गाडी अगदी मूळची. एआरबी कंपनीचा हवेवर चालतो, त्याला कंप्रेसर लागतो, आणि तोच कंप्रेसर टायर भरायलाही कामी येतो. तुमच्यासारख्या रोज चालणाऱ्या गाडीला मी मागे एकच, बटणावरचा लॉकर सुचवेन. पुढे नको. पुढच्या लॉकरने स्टेअरिंग जवळजवळ वळेनासं होतं आणि सगळा जोर वळलेल्या सीव्ही जॉइंटवर येतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत तिथेच तुटतं.

कोणी डिफरन्शियलला वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर देऊ नका. ती गाडी रस्त्यावर दुसऱ्यांसाठीही धोक्याची आहे.

लॉकर मागवायच्या आधी मागचा एक्सल उघडा. गाडीच्या नावावरून लॉकर बसेल की नाही हे कळत नाही. हाफ शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) किती, शाफ्टचा व्यास किती, क्राऊनचे बोल्ट किती आणि कोणत्या वर्तुळावर, साइड बेअरिंगचं माप काय, हे सगळं मोजावं लागतं. याच वेळी शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइनवर सरळ नजर टाका. दाते सरळ रेषेत न जाता किंचित पिळल्यासारखे दिसत असतील तर तो शाफ्ट आधीच हरलेला आहे, तो पुन्हा बसवू नका. ठीक दिसत असेल तरी क्रॅक टेस्ट करून घ्या. आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात ही सोय सहज मिळते आणि शाफ्टच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

इथे एक गोष्ट जरा विस्ताराने लिहितो, कारण लोक फसतात. "ईएन २४ चा जाड शाफ्ट टर्नरकडून करून घेऊ" असं बरेच जण म्हणतात. ईएन २४ हे मिश्र पोलाद चांगलंच आहे. पण शाफ्टची ताकद धातूइतकीच हीट ट्रीटमेंटमध्ये असते. कंपनीचा शाफ्ट बहुधा वरून इंडक्शनने कडक केलेला असतो आणि गाभा चिवट ठेवलेला असतो, त्यामुळे तो थोडा पिळतो आणि परत येतो. नुसता लेथवर काढलेला शाफ्ट मऊ राहतो आणि पिळून जातो. आरपार कडक केला तर एका झटक्यात काचेसारखा जातो. खांद्याजवळ त्रिज्या न ठेवता काटकोन काढला की तडा तिथूनच सुरू होतो. तेव्हा करून घ्यायचाच असेल तर कडकपणा किती आणि किती खोलीपर्यंत, हे लेखी ठरवून आणि तपासून घ्या. नाहीतर कंपनीचा नवा शाफ्ट घ्या आणि एक जादा गाडीत ठेवा.

तुमचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे की फुल-फ्लोटिंग, हेही बघा. चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला असेल आणि त्यावर बोल्टची कडी असेल तर फुल-फ्लोटिंग. त्यात गाडीचं वजन हबवर असतं, शाफ्ट फक्त फिरवतो, तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये वजनही शाफ्टवरच असतं. तिथे बेअरिंग आणि सील नवीन असलेच पाहिजेत, आणि चाक बाहेर ढकलणारे स्पेसर किंवा उलट्या ऑफसेटचे रिम अजिबात नकोत.

दुसऱ्या गाडीचा जाड एक्सल भंगारातून आणून बसवायचा विचार आला तर आधी क्राऊन आणि पिनियनचे दाते मोजा. ४३ ला १० म्हणजे ४.३. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं हे प्रमाण एकच हवं. वेगळं असेल तर फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस मरते. लॉकर बसवताना क्राऊन नव्या केसवर जातो, म्हणून शिम (पातळ चकत्या) नव्याने लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मिळवावा लागतो आणि दातांवर रंग लावून खूण बघावी लागते. हे काम डायल गेज नसलेल्या गॅरेजमध्ये देऊ नका. तुमच्या एक्सलच्या बॅकलॅशचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

एक स्वस्त काम मात्र याच आठवड्यात करा. एक्सलच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जाण्याच्या छोट्या तोंडाला) रबरी नळी जोडून ती वर चासीपर्यंत किंवा इंजिनपर्यंत न्या. तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

पुढचा अखंड एक्सल का नको? स्टेअरिंगची सगळी भूमिती बदलते, चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, आणि तो बदल कायद्याच्या चौकटीत बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी याच गोष्टीवर बोट ठेवेल. शिवाय खासगी नोंदणी असेल तर तुमच्या गाडीची १५ वर्षं भरायला आलीत. नूतनीकरणाला गाडी संगम पुलाजवळच्या आरटीओत दाखवावी लागेल, तेव्हा मडगार्डबाहेर आलेले टायर लपणार नाहीत. मोठं माप घ्यायच्या आधी तिथे आणि विमा कंपनीला विचारा.

आणि हो, पावसात भातखाचरांच्या बांधांवरून गाडी घालू नका. तो बांध परत घालायला त्या शेतकऱ्याचे दिवस जातात, आणि त्याच गावातून आपल्याला ट्रॅक्टरची मदत मागायची वेळ येते.

मागचा एक्सल उघडलात की स्प्लाइनची संख्या, शाफ्टचा व्यास आणि क्राऊन-पिनियनचे दाते इथे प्रतिसादात टाका. हबचा समोरून एक फोटोही टाका. त्यावरून कोणता लॉकर शोधायचा ते सांगतो.