रजेसाठी पूर्ण फाईल मागतायत? सही करण्याआधी हे वाचा

‘नैराश्याच्या उपचारासाठी तीन आठवडे रजा घेतली, आता ऑफिस डिस्चार्ज कार्डासकट सगळी फाईल मागतंय, देऊ का?’ ताई, तुमचा हा प्रश्न वाचून पोटात कालवलं. देऊ नका. आज तरी नाहीच.

मी दिली होती. आस्थापना विभागात एक छापील फॉर्म पुढे आला: ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रे मिळवण्यास व पाहण्यास माझी संमती आहे.’ कोणती कागदपत्रं, कशासाठी, किती दिवस, काहीच नाही. रजा मंजूर व्हायची घाई होती, केली सही. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या प्रिंटरवर माझ्या केसपेपरच्या झेरॉक्स पडलेल्या. वरच्याच पानावर डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात मी घरच्यांबद्दल सांगितलेलं एक वाक्य होतं. सख्ख्या बहिणीलाही ते ठाऊक नव्हतं. तक्रार केली तर उत्तर एकच, ‘मॅडम, सही तुमचीच आहे ना?’

मी वकील नाही, पण तेव्हा जे कळलं नव्हतं ते सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं; पण त्यात बांधले जातात ते उपचार करणारे. त्यांनी कोणाला सांगायचं याचे अपवादही तिथेच मोजून दिलेत. आपण स्वतःच्या हाताने ऑफिसात दिलेल्या कागदामागे ते कलम धावत येत नाही. एचआयव्हीच्या २०१७ च्याच कायद्यात मात्र एचआयव्हीसंबंधीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या सुरक्षित ठेवायची जबाबदारी आहे. मग आमच्या नोंदींनी काय घोडं मारलंय? याचा संताप अजून जात नाही.

तुम्ही असं करा. पूर्ण फाईल कोणत्या नियमाखाली हवी, ते लेखी विचारा. तोंडी ‘पद्धत आहे’ ऐकून घेऊ नका. दरम्यान डॉक्टरांकडून फक्त रजेचं आणि कामावर रुजू होण्याचं प्रमाणपत्र घ्या. रजेच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात आजाराची रिकामी जागा असते. तिथे किती तपशील हवा हे डॉक्टरांशी आधीच बोला. खोटं मात्र लिहून घेऊ नका, ते अंगाशी येतं. खातरजमाच हवी असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात देते म्हणा, आस्थापनेच्या टेबलावर नाही.

आणि फाईल आधी स्वतः वाचा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. मानसिक उपचारांच्या नोंदींसाठी मानसिक आरोग्य सेवा कायद्याचंच कलम २५ बघा. अर्जाची पोच घ्या. फोटो काढून व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका, ‘साहेबांना दाखवतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

सही आधीच झाली असेल तर आजच लेखी कळवा की संमती मागे घेतली. एक प्रत ऑफिसला, एक हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाला. मी हे दीड महिना उशिरा केलं.