कायझेनच्या चिठ्ठीचं पुढे काय होतं?

प्रश्न : मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे) सुपरवायझर आहे. दर महिन्याला प्रत्येक कामगाराने दोन कायझेन (कामातल्या छोट्या सुधारणेची लेखी सूचना) द्यायचेच, असा वरून हुकूम आहे. महिनाअखेरीस माणसं एकमेकांचं बघून लिहितात; ‘झाडूची जागा ठरवली’ हेच फिरून फिरून येतं. ऑडिटच्या आदल्या दिवशी मात्र शॉप चकाचक. आमच्या लोकांना क्वालिटीचं काही पडलेलंच नाही का?

उत्तर : पडलेलं असतं हो. भोसरीत मी 31 वर्षं क्वालिटीत काढली. बर (कडेला राहिलेला धारदार कंगोरा) आलेला पार्ट खुशीने पुढे सोडणारा ऑपरेटर मला भेटला नाही. भीतीने सोडणारे भेटले. नापास पार्टांची लाल बिन भरली की शिफ्टची खरडपट्टी निघते. मग बिन भरलेली दिसू द्यायची नाही, एवढंच माणूस शिकतो. अमेरिकेचे क्वालिटीतज्ज्ञ डेमिंग 1950 मध्ये जपानी कारखानदारांना शिकवायला गेले होते. पुढे त्यांनी मांडलेल्या 14 मुद्द्यांत ‘भीती घालवा’ हा एक आहे, आणि कामगारांवर लादलेले आकडे काढून टाका, हाही. तुमचं ‘महिन्याला दोन’ हा तसलाच आकडा.

आमच्याकडे तपासणीच्या टेबलावरची ट्यूब मागच्या बाजूला होती. तपासणाऱ्या बाईंची सावली पार्टवर पडायची. त्यांनी तशी चिठ्ठी दिली. ‘किती रुपये वाचतील’ हा रकाना कोरा होता, म्हणून मी ती बाजूला ठेवली. 8 महिने ती माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. मग बारीक तडा गेलेले पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आले. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात ट्यूब पुढे घेतली. बाई एवढंच म्हणाल्या, “साहेब, मी सांगितलं होतं.” मधल्या काळात त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली नव्हती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

दोन महिने आकडा थांबवायची परवानगी साहेबांकडे मागा. जुनी फाइल काढा. ज्याची चिठ्ठी, त्याच्या मशीनपाशी उभं राहून ती वाचा. होणार असेल तर कोण करणार आणि कोणत्या तारखेला, ते त्याच्यासमोर बोर्डावर लिहा. होणार नसेल तर का नाही, ते त्याच दिवशी सांगा. कारण कळलं तर माणूस नकारही ऐकून घेतो. झाडूची चिठ्ठीसुद्धा फेकू नका. आधी झाडू शोधत त्याला कुठवर जावं लागायचं, ते विचारा.